हुडहुडी आणि हुडी

थंडीने अंगाला सुटणाऱ्या कापऱ्यासाठी मराठीत 'हुडहुडी' असा एक नामी शब्द आहे. 'हुडहुडी भरली' असे म्हणताना दातांवर दात आपटल्याचा आवाजही त्या शब्दात ऐकू येतो. अलीकडे टोपडे जोडलेल्या ज्या जाड बंडीला सारे जग 'हुडी' म्हणते, तिचे या शब्दाशी कोणतेही नाते नाही. ती इंग्रजीतून आली आहे. तरीही हुडहुडीवरचा उतारा म्हणून हुडी यावी, हा योगायोग आम्हां ग्वाल्हेरकरांना मोठा सोयीचा वाटतो. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणारे हे गाव जानेवारीतील काही पहाटे ५ अंशांच्याही खाली उतरते. धुके दाटले की दुपारपर्यंत सूर्यदर्शन होत नाही. अशा गावात पांघरुणाचा विचार हा चैनीचा विचार राहत नाही.

या लेखात 'आम्ही' असे जे म्हटले आहे, ते संपादकीय थाटाचे नाही. लष्कर भागातील एका जुन्या घरात ४१ वर्षे एकत्र संसार केलेली आम्ही दोन माणसे आहोत आणि पुढील मजकूर दोघांच्या संमतीने लिहिला आहे. जिथे दोघांत भेद करणे भागच पडेल, तिथे 'पुरुषपक्ष' आणि 'स्त्रीपक्ष' असे म्हणू. पुरुषपक्षाची उंची ५ फूट ८ इंच. स्त्रीपक्षाची ५ फुटांना एक इंच कमी. ही मापे येथे का दिली, ते पुढे कळेल.

आमची गरज साधी होती. हिवाळ्यात पहाटे फाटक उघडणे, दुधाच्या पिशव्या आणणे, गच्चीवर जाऊन टाकी भरली का ते पाहणे ही कामे जो आधी उठेल त्याने करावीत, असा घराचा परिपाठ आहे. रजईतून निघालेले ऊबदार शरीर एकदम धुक्यात न्यायचे असते. शाल घेतली तर दोन्ही हात अडकतात, स्वेटर घातला तर डोके उघडे राहते, आणि कानटोपी नेमकी त्याच वेळी सापडत नाही. डोके, कान, गळा, छाती आणि हात एकदम झाकणारा एकच कपडा दारामागच्या खुंटीवर असावा आणि दोघांपैकी कोणालाही तो फारसा विचार न करता अंगात घालता यावा, एवढीच आमची अपेक्षा. ती पुरी व्हायला एक अख्खा डिसेंबर लागला, आणि त्या शोधात वस्त्रांविषयी ज्या गोष्टी ध्यानात आल्या, त्या येथे मांडत आहोत.

डोके झाकणारे वस्त्र आपल्याला नवे नाही. मराठी माणसाची पहिली हुडी म्हणजे कुंची. डोक्यावर टोपडे आणि त्यालाच जोडून पाठीवरून खाली सोडलेले कापड, अशी ती बाळाची कुंची मुलगा आणि मुलगी असा भेद मानीत नाही. घरात एक चांगली खणाची कुंची असली की ती एकामागून एक साऱ्या भावंडांच्या डोक्यावर बसते. पुढे शेतावर पाऊस आला की घोंगडीची खोळ होते. घोंगडीचे एक टोक दुमडून डोक्यावर घेतले की उरलेली घोंगडी पाठ झाकते आणि खाली वाकून काम करणारा माणूस कोरडा राहतो. खोळ करायला शिवण लागत नाही, माप लागत नाही; दुमड तेवढी पक्की लागते. काश्मीरचा फेरन तर शिवलेला असूनही स्त्रिया आणि पुरुष दोघेही घालतात. मात्र तिथेही स्त्रियांच्या फेरनवर गळ्याशी भरतकाम असते आणि पुरुषांचा बहुधा साधा असतो.

न शिवलेले वस्त्र वाटून घेता येते, ही गोष्ट आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने विशेष काही न मानता जगून दाखविली. आजोबांची विरलेली धोतरे आणि आजीची जुनी लुगडी एकावर एक घालून त्यांची गोधडी होत असे. उभयतांचे सामायिक म्हणता येईल असे घरातले वस्त्र बहुधा तेच, आणि तेही वस्त्रे जुनी झाल्यावर. लग्नात वधूवरांच्या शेल्या-उपरण्याची गाठ बांधतात, परंतु गाठ मारल्याने दोन वस्त्रे एक होत नाहीत. गाठ सुटली की ज्याचे वस्त्र त्याच्या खांद्यावर जाते. आमच्या गावात डिसेंबरमध्ये तानसेन समारोह भरतो. २०२४ साली तो शंभराव्यांदा झाला. हजिऱ्याला तानसेनाच्या मकबऱ्याच्या आवारात रात्री उशिरापर्यंत गाणे ऐकताना एका शालीत दोघांनी बसण्याचा अनुभव आम्ही अनेक वर्षे घेतला आहे. मोठा धुस्सा असेल तर दोघांचे खांदे झाकले जातात. मात्र कोणी एक जण टाळी द्यायला हात बाहेर काढतो आणि थंडी दुसऱ्याला लागते. आलाप लांबला की हा हिशेब बिघडत नाही. द्रुत लयीत बिघडतो.

कात्री चालली आणि कपडा शिवला गेला की मात्र तो एका शरीराचा होतो. शिवणाऱ्याने त्यात केवळ माप घातलेले नसते. सदऱ्याची बटणे पाहावीत. पुरुषांच्या सदऱ्यात ती घालणाऱ्याच्या उजव्या हाताला असतात, स्त्रियांच्या सदऱ्यात डाव्या हाताला. याची कारणे अनेक सांगितली जातात, परंतु एवढे खरे की अंधारात हात घातला तरी हा कपडा आपल्यासाठी शिवलेला नाही, हे काज आणि बटण लगेच सांगतात. स्वेटर किंवा हुडी यांना हा दोष लागत नाही, म्हणूनच आमचा मोहरा तिच्याकडे वळला.

आणखी एक गोष्ट आम्हांला आमच्याच कपाटाने दाखविली. आमच्या घरात कपडे वाटून घेतले जात नव्हते, असे नाही. पुरुषपक्षाचा कोपरावर विरलेला स्वेटर स्वयंपाकघरात स्त्रीपक्षाच्या अंगावर जाई. सैल झालेला सदरा दिवाळीच्या साफसफाईला तिच्या उपयोगी पडे. जुना धुस्सा माजघरात येई. उलट दिशेने ४१ वर्षांत एकही कपडा गेला नाही. स्त्रीपक्षाची एक लोकरी शाल चांगली ऊबदार आहे, पण तिच्या काठावर वेलबुट्टी आहे. तेवढ्या वेलबुट्टीपायी पुरुषपक्षाने कित्येक संध्याकाळी थंडीत काढल्या. पाणी उतारावरून वाहावे तसे आमचे हे वाटून घेणे एकाच बाजूला वाहत होते, आणि जे वाहत येई ते आधी वापरून झालेले असे. अशी पद्धत बहुतेक घरांत आहे. तिला कोणी अन्याय म्हणत नाही, काटकसर म्हणतात.

तेव्हा महाराज बाड्याजवळ टोपी बाजारात आणि नंतर आणखी एका बाजारात आम्ही गेलो, ते हा हिशेब मनात ठेवून. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न केला, "लेडीज या जेंट्स?" दोघांनाही चालेल अशी हवी, असे सांगताच त्याने एक गठ्ठा सोडला आणि म्हणाला, "ये सब युनिसेक्स है." त्या गठ्ठ्यातील हुड्या काळ्या, करड्या आणि गडद निळ्या होत्या. पुरुषपक्षाने एक घातली; ती बरोबर बसली. तीच स्त्रीपक्षाने घातली, तर खांद्याची शिवण दंडावर उतरली, बाह्या बोटांच्या पुढे चार इंच लोंबू लागल्या, आणि एवढी मोठी असूनही ती नितंबांवर मात्र ताणून बसली. एक माप लहान घेतले तर खांदे जमले, पण खालचा घेर अधिकच आवळला. दोघांसाठी म्हणून जो कपडा दाखविला जात होता, तो पुरुषाच्या मापाचा होता. त्यावरची चिठ्ठी तेवढी दोघांची होती.

यात दुकानदाराचे काही वाकडे नाही. या कपड्याचा जन्मच तसा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे 'चॅम्पियन' या नावाने कपडे करणाऱ्या कंपनीने १९३० च्या दशकात थंड गुदामांत काम करणारे मजूर आणि मैदानावरचे खेळाडू यांच्यासाठी टोपडे जोडलेली बंडी काढली, आणि आजच्या हुडीचा उगम सामान्यतः तिच्यात मानला जातो. ती ज्यांच्यासाठी बेतली, त्यांचे खांदे रुंद होते आणि कंबर-नितंब अरुंद. पुढे ती स्त्रियांनीही घातली, पण साच्यात बदल करण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. मोठे माप लहान केले की ते सर्वांचे झाले, असा समज रूढ झाला.

दुकानाच्या दुसऱ्या बाजूला खास स्त्रियांच्या हुड्या होत्या. तिथे रंगांची चैन होती, पण कापड पातळ, कमरेत आत घेतलेले, आणि खिसे इतके उथळ की घराची किल्लीही त्यात सुरक्षित राहू नये. स्त्रीच्या कपड्याला खिसा का नसतो, या प्रश्नावर खरे तर स्वतंत्र लेख व्हावा. आपल्याकडे बायकांचे पैसे बटव्यात, रुमालाच्या गाठीत किंवा डाळीच्या डब्यात राहिले, आणि पुरुषांचे खिशात. खिसा म्हणजे न मागता हात घालता येईल अशी जागा. स्त्रीपक्षाने त्या दिवशी दुकानात पहिली अट घातली ती खिशाची. "अहो, रंग कोणताही असो," असे तिचे शब्द होते, "दोन्ही हात मनगटापर्यंत गेले पाहिजेत."

शोध घेता घेता मापाचे शास्त्र आम्हांला थोडेबहुत अवगत झाले. तेही वाचकांच्या उपयोगी पडावे. पहिली गोष्ट खांद्याची. दोघांच्या खांद्यांत दोन-तीन इंचांचा फरक असेल, तर नेहमीच्या मुंढ्याची बाही दोघांनाही बसणे कठीण. त्याऐवजी गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण असलेली बाही पाहावी. तिला रॅग्लन म्हणतात. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लन यांच्या नावाने ती ओळखली जाते. या बाहीत खांद्याच्या टोकावर शिवणच येत नसल्यामुळे अरुंद खांद्यावर ती उतरलेली दिसत नाही आणि रुंद खांद्याला आवळत नाही. शिवाय साडीवर घालायची झाली, तर डाव्या खांद्यावरच्या पदराच्या निऱ्यांनाही तिच्यात जागा मिळते.

दुसरी गोष्ट घेराची. पुरुषपक्षाची छाती ४० इंच आणि स्त्रीपक्षाचे नितंब ४२ इंच. खाली ताणपट्टी लावलेली हुडी नितंबांवर अडकते आणि पोटावर फुगते. म्हणून खालची कड सरळ असलेली, बाजूला लहानशी चीर ठेवलेली हुडी बरी. बाहीच्या टोकाला मात्र ताणपट्टी हवीच. तिच्यामुळे जास्तीची लांबी मनगटाशी थांबते आणि लहान हातांनाही काम करता येते.

तिसरी गोष्ट पुढच्या चेनीची. डोक्यावरून घालायची हुडी तरुणांना शोभते. एकाचा खांदा धरलेला, दुसरीचा अंबाडा, आणि दोघांनाही चष्मा, अशा घरात पुढून उघडणारीच सोयीची.

चौथी गोष्ट कापडाची. दुकानदार 'जीएसएम' म्हणतात, तो आकडा म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. साधा टी-शर्ट १८० च्या आसपास असतो. आमच्या थंडीला ३०० च्या जवळपासचे, आतून लव काढलेले कापड लागते. त्याहून हलके आतून फासे असलेले कापड इंदूर-वडोद्याच्या सौम्य हिवाळ्याला पुरे. निव्वळ सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते, म्हणून एक बोट सैल घ्यावे. पॉलिएस्टर अधिक असेल तर घासून घासून अंगावर गोळे येतात.

हे सारे ज्या एका हुडीत जमले, ती आम्हांला स्त्रियांच्या बाजूच्या मांडणीत तळाशी सापडली. रंग पिकलेल्या जांभळाचा, बाही तिरकी, कड सरळ, खिसे खोल. मोठ्या मापाची म्हणून ती मागे पडली असावी. खांद्याला ती पुरुषपक्षाला हवी तेवढी होती आणि घेराला स्त्रीपक्षाला हवी तेवढी. दोघांच्या मापांची सरासरी काढली असती, तर ती कोणालाच बसली नसती. जिथे ज्याची गरज अधिक, तिथे त्याचे माप धरले, म्हणून ती दोघांना बसली.

आता प्रश्न उरला रंगाचा, म्हणजेच लोकांचा. पहिल्याच आठवड्यात पुरुषपक्ष ती घालून दूध आणायला गेला, तेव्हा केंद्रावरच्या ओळखीच्या मुलाने हसून विचारले, "बाबूजी, आज भाभीजी की पहन आए?" प्रश्न निरुपद्रवी होता. तरीही घरी येईपर्यंत तो पुरुषपक्षाच्या मनात घोळत राहिला. स्त्रीपक्षाने जन्मभर नवऱ्याचा स्वेटर घातला, त्याबद्दल कोणी कधी विचारले नव्हते. बाईने पुरुषाचे घातले तर ती कामसू दिसते. पुरुषाने बाईचे घातले तर तो हास्यास्पद दिसतो. यामागचा विचार असा, की एकाचे वस्त्र वरचे आणि दुसरीचे खालचे. खालच्याने वरचे घ्यावे, वरच्याने खालचे घेऊ नये. दुसऱ्या दिवशी स्त्रीपक्षाने विचारले, "तुमची जुनी शाल काढून ठेवू का?" उत्तर आले, "अगं, खुंटीवरचीच दे." पुरुषपक्ष तीच हुडी घालून गेला आणि त्या मुलाने काही विचारण्याच्या आतच म्हणाला, "दोनों की है." यापेक्षा मोठी क्रांती आमच्या घरात झालेली नाही, आणि एवढी व्हायलाही ४१ वर्षे लागली.

वाटून घेतलेल्या खिशाचा एक गुण मात्र आम्ही आधी धरला नव्हता. त्या खिशात सुट्टे पैसे राहू लागले, लवंगा राहू लागल्या, वाण्याची यादी राहू लागली. आणि मागच्या जानेवारीतील एका पहाटे आमच्यापैकी एकाच्या हाताला तिथे दुमडलेली चिठ्ठी लागली. ती दुसऱ्याच्या हृदयाच्या तपासणीची होती, तारीख तीन दिवसांनंतरची. निकाल हाती आल्यावरच घरात सांगावे, उगाच घोर कशाला, असा त्यामागचा विचार. चिठ्ठी कोणाची होती, हे येथे सांगण्याचे कारण नाही. ज्याला ती सापडली, त्याने ती तशीच घडी करून पुन्हा खिशात ठेवली आणि चहा पिताना एवढेच विचारले की गुरुवारी किती वाजता निघायचे. पलीकडून थोडा वेळ काही उत्तर आले नाही. मग वेळ सांगितली गेली. तपासणीला आम्ही दोघे गेलो. औषधे सुरू झाली आहेत, आणि फिरायला जाण्याची वेळ पहाटेऐवजी ऊन पडल्यावरची ठरली आहे.

आपापल्या कपाटात आपापले कपडे असते, तर ती चिठ्ठी त्या दिवशी सापडली नसती. दोन कपाटे वाईट, असे आम्हांला म्हणायचे नाही. माणसाला स्वतःचा खिसा हवाच. आणि स्त्रीपक्षाला तर तो फार उशिरा मिळाला, म्हणून त्याची किंमत ती अधिक जाणते. दाराशी मात्र एखादी खुंटी दोघांची असावी, जिथे एकाने ठेवलेले दुसऱ्याच्या हाताला सहज लागेल.

मराठीच्या व्याकरणात या गोष्टीला एक सुंदर आधार आहे. 'मी गेलो', 'मी गेले', असे म्हणताच बोलणारा पुरुष की स्त्री, ते कळते. 'ते गेले', 'त्या गेल्या', येथेही कळते. परंतु 'आम्ही गेलो' असे म्हटले की तो भेद पुसला जातो. पुरुषांचा मेळा म्हणो, बायकांचा म्हणो, की नवरा-बायको मिळून म्हणोत, क्रियापद तेच. 'आम्ही' हा शब्द अशा रीतीने दोघांच्याही अंगाला बसणारा आहे. पण दुकानातील त्या गठ्ठ्याप्रमाणे या शब्दावरची चिठ्ठीही कित्येकदा फसवी असते. 'आम्हांला गोड आवडत नाही', 'आम्ही कुठे जात नाही', 'आम्ही मुलीला तिकडे देणार नाही', अशा वाक्यांतील 'आम्ही' बहुधा एकाच्याच मापाचा असतो, आणि दुसरे माणूस बाह्या दुमडून तो निभावून नेत असते. तो शब्द खरोखर दोघांना बसावा असे वाटत असेल, तर मापे दोघांची घेतली पाहिजेत, आणि तीही वेगवेगळ्या ठिकाणी.

आमच्या हुडीचे दोन हिवाळे झाले. रंग थोडा उतरला आहे, बाहीची एक ताणपट्टी सैल झाली आहे. धुक्याच्या दिवसांत ती धुतली की वाळायला दोन दिवस घेते आणि तेवढे दोन दिवस जुना धुस्सा बाहेर काढावा लागतो. म्हणून या डिसेंबरात अशीच आणखी एक घ्यायचे ठरले आहे; एक दोरीवर, एक खुंटीवर. ज्या वाचकांना अशी हुडी हवी असेल, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी घरी फीत काढून दोघांचे खांदे, छाती, घेर आणि हाताची लांबी मोजावी, आणि प्रत्येक ठिकाणचा मोठा आकडा कागदावर लिहून न्यावा. आमच्या कागदावर चार आकडे आहेत. तीन पुरुषपक्षाचे आणि एक स्त्रीपक्षाचा. त्या एका आकड्यावाचून हुडी दोघांना होत नाही.